शपथ मोडू नकोस

आमच्या घरातल्या एचएमव्ही फिएस्टावर जवळपास पन्नास वर्षांत देवाशिवाय फारसं कुणी वाजलं नाही. माझे वडील, बापू, परळीच्या मोंढ्यात एका आडत्याकडे मुनीम होते. 1976 च्या दिवाळीत त्यांनी हा रेकॉर्ड प्लेअर घेतला. त्यानंतर घरात ज्या तबकड्या आल्या त्या भीमसेन जोशींच्या अभंगांच्या, माणिक वर्मांच्या, लताबाईंनी म्हटलेल्या ज्ञानेश्वरांच्या रचनांच्या. अपवाद एकच, 'शोले'च्या संवादांची एलपी. ती काकांनी आणली होती. गब्बरचं हसणं देवघरापर्यंत जातं म्हणून बापूंनी ती कुणाला तरी देऊन टाकली.

त्याच फिएस्टावर मे महिन्यातल्या एका दुपारी मी सैतानाची स्तुती लावली. त्या दिवशी एकादशी होती, हे ताटात भगर आली तेव्हा कळलं.

तबकड्या भाच्याने पाठवल्या. तो पवनचक्क्यांच्या कामावर आहे. आधी पाटोद्याच्या पठारावर होता, आता डेन्मार्कमध्ये. मामाचा जन्म कोळसा जाळण्यात गेला, भाचा वाऱ्यावर पोट भरतो. मी परळीच्या थर्मल वीज केंद्रातून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो तेव्हा त्याने फोनवर विचारलं, "मामा, तुमच्यासाठी काय पाठवू?" मला एकदम कोपनहेगन हा शब्द आठवला आणि मी म्हणालो, "मर्सीफुल फेट मिळतंय का बघ." पलीकडे बराच वेळ शांतता. मामा हरिपाठ ऐकतात अशी त्याची समजूत होती. तीही चुकीची नाही.

मर्सीफुल फेट हा कोपनहेगनचा हेवी मेटल बँड, 1981 मध्ये जमलेला. गाणारा किंग डायमंड, मूळ नाव किम बेंडिक्स पीटरसन. हँक शेरमन आणि मायकेल डेनर हे दोन गिटारवाले. 'मेलिसा' हा पहिला अल्बम 1983 चा, 'डोन्ट ब्रेक दि ओथ' पुढच्या वर्षीचा. दुसऱ्याच्या मुखपृष्ठावर ज्वाळांतून शिंगवाला सैतान बघणाऱ्याकडे बोट रोखून आहे, आणि नावाचा अर्थ सरळ आहे: शपथ मोडू नकोस. 1985 मध्ये अमेरिकेत काही बड्या राजकारण्यांच्या बायकांनी मुलांना बिघडवणाऱ्या पंधरा गाण्यांची यादी काढली. तीत प्रिन्स आणि मॅडोना यांच्या पंगतीत 'मेलिसा'तलं एक गाणं होतं.

मला हे सगळं तेव्हा ठाऊक नव्हतं. 1986 साली मी औरंगाबादला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खोलीतला जोडीदार माझगावचा, त्याचा मामा बोटीवर. मामाने कुठल्याशा बंदरातून आणलेल्या दोन एलपी त्याने नव्वद मिनिटांच्या एका टीडीकेवर उतरवून घेतल्या होत्या. एका बाजूला 'मेलिसा', दुसऱ्या बाजूला 'ओथ'. दोन्ही पंचेचाळीस मिनिटांच्या आत संपतात, त्यामुळे कॅसेट जणू त्यांच्यासाठीच बेतलेली. पोरगा अभ्यासाला बसला की ती लावायचा. मला इंग्रजी पुस्तकापुरतं येत होतं, किंचाळीतलं येत नव्हतं. पण मला त्यात भजन ऐकू यायचं. दोन गिटारी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींची ओळ उचलायच्या, जशा आमच्याकडे टाळकऱ्यांच्या दोन रांगा उचलतात. ढोल मधेच लय दुप्पट करायचा. आणि तो माणूस खर्जातून उठून एकदम टिपेच्याही वर, बाईच्या नव्हे, कुठल्या तरी पाखराच्या पट्टीत जायचा. गावातल्या सप्त्यात पहाटे तीनला, सगळे पेंगत असताना, एखादा म्हातारा असाच अचानक वर जातो आणि मंडप जागा होतो.

आता त्या कॅसेटशी जोडल्या गेलेल्या माझ्या माळेचं सांगायला हवं.

माझे आजोबा, आबा, कीर्तन करायचे. मोठं नाव नव्हतं. परळी, सोनपेठ, गंगाखेड या पट्ट्यातले सप्ते, कुणाचं तेरावं, कुणाची पुण्यतिथी. 1979 च्या आषाढीला त्यांनी मला पंढरपूरला नेलं आणि माझ्या गळ्यात तुळशीची माळ घालून घेतली. मी बारा वर्षांचा होतो. माळ घातली की मांसमच्छी नाही, दारू नाही, एकादशी करायची, वारी चुकवायची नाही. परतताना एसटीत आबा म्हणाले ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं: "ही विठ्ठलाला दिलेली शपथ नाही बरं का. त्याला काय करायची तुझी शपथ? ही तुझ्याच नाकातली वेसण आहे, आणि कासरा तुझ्याच हातात दिलाय."

1986 च्या पावसाळ्यात हॉस्टेलच्या खोलीत बनियन काढताना माळेचा दोरा तुटला. मणी फरशीवर उड्या मारत गेले. टेपवर तीच कॅसेट चालू होती, हा योगायोग मला पुढे फार दिवस छळत राहिला. मी कॉटखाली शिरून मणी वेचले. सत्तावीस सापडले. ते कंपासपेटीत घातले आणि ठरवलं, रविवारी गुलमंडीवर जाऊन ओवून घेऊ. त्या रात्री मेसमध्ये मटण होतं. मी नेहमीसारखं पिठलं खाल्लं. रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी परीक्षा. त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी मी मटणाचा रस्सा भाकरीवर ओतून घेतला.

म्हणजे मी शपथ मोडली असं छाती ठोकून म्हणता येत नाही. दोरा तुटला, मी ओवला नाही. माणसं बंड करतात म्हणतात, त्यातली बरीचशी अशीच रविवार पुढे ढकलण्यातून होत असावीत.

आबांना ते कळलं नाही असं मी बरीच वर्षं मानत आलो. गावी जाताना शर्टाचं वरचं बटण लावून जायचो. मे महिन्यात परळीत वरचं बटण लावून फिरणारा पोरगा बघून काही न कळण्याइतके आबा भोळे नव्हते, हे मला ते गेल्यावर सुचलं.

तर परवा तबकडी लावली. पहिल्यांदा वेगाची कळ चुकून पंचेचाळीसवर होती आणि सैतानाचा पुजारी डासासारखा गुणगुणला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, सुई गेली वाटतं." कळ तेहतीसवर आणली. मग तो आवाज आला. चाळीस वर्षांपूर्वीच्या कॅसेटमध्ये जे सगळं एका चिखलात कालवल्यासारखं होतं ते आता वेगवेगळं झालं. एक गिटार कुठे थांबते आणि दुसरी कुठून उचलते ते कळलं. 'सेटन्स फॉल' हे अकरा मिनिटांचं गाणं आहे, त्याला धड ध्रुपद नाही, एक चाल संपली की दुसरीच सुरू. कॅसेटवर मला ती पाच-सहा वेगळी गाणी वाटली होती.

आणि भीती? ती कुठेच नव्हती. हॉस्टेलमध्ये रात्री अकराला या आवाजाने मानेवर काटा यायचा. आता मी भगर खात खात ऐकत होतो.

कोपनहेगनच्याच एका माणसाने या अनुभवावर एक पुस्तक लिहून ठेवलंय. सोरेन किर्केगार्द, 1813 ते 1855. पुस्तकाच्या नावाचा अर्थ 'पुनरावृत्ती', प्रकाशन 1843. भाच्याने तबकड्यांसोबत त्याचं इंग्रजी भाषांतर घातलं होतं, मामा आता रिकामाच आहे म्हणून. त्यातला माणूस ठरवतो की एकदा भोगलेलं सुख पुन्हा भोगता येतं का ते बघू, आणि बर्लिनला परत जातो. तीच खोली, तेच नाटकगृह. काही जमत नाही. नाटक पाहून हसू येत नाही, नेहमीची जागा मिळत नाही. हे वाचताना मी मोठ्याने हसलो, कारण मीही सुई पुण्याहून मागवून, तबकडी डेन्मार्कहून आणवून हेच करत होतो.

पण किर्केगार्दचं दुसरं एक प्रकरण माझ्या जास्त कामाचं निघालं. त्याने 1840 मध्ये रेगिने ओल्सन नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं आणि पुढच्याच वर्षी अंगठी परत पाठवली. मोडला शब्द. नंतर त्याने जे लिहिलं त्यात ठिकठिकाणी ती मुलगी आहे, कधी नाव बदलून, कधी अब्राहमच्या गोष्टीआडून. तिने दुसरीकडे लग्न केलं, तरी मरताना आपलं जे काही होतं ते त्याने तिच्याच नावे लिहून ठेवलं. लग्न निभावलं असतं तर इतकी आठवण काढली असती का? मला शंका आहे. संसारातला माणूस बायकोची आठवण काढत नाही, मीठ कमी आहे म्हणतो.

नातं तोडूनही मन तिथेच राहणं, आमच्याकडे याला नाव आहे, आणि परळीत तर ते गल्लीत खेळावं इतकं ओळखीचं आहे: विरोधभक्ती. आबांचं हे आवडतं निरूपण. भागवताच्या सातव्या स्कंधात युधिष्ठिर नारदाला विचारतो, शिशुपाल जन्मभर शिव्या देत आला, मग त्याचं तेज कृष्णात कसं गेलं? नारद सांगतात, गोपी प्रेमाने गेल्या, कंस भीतीने, शिशुपाल द्वेषाने. मन त्याच्यावर खिळलं हे महत्त्वाचं. कुंभारमाशी अळीला मातीच्या घरात कोंडते आणि अळी भीतीने माशीचंच ध्यान करत माशी होऊन जाते, हा दृष्टांत आबा दोन्ही हातांनी करून दाखवायचे. मग रावण. रावण म्हटलं की परळीचा माणूस ताठ बसतो, कारण आमचा वैद्यनाथ रावणाने आणला. कैलासाहून लिंग घेऊन तो लंकेला निघाला, वाटेत खाली ठेवावं लागलं, ते तिथेच रुतलं. झारखंडच्या देवघरचे लोक म्हणतात ते त्यांच्याकडे रुतलं. गोकर्णाचे लोक म्हणतात त्यांच्याकडे. रावणाने नेमकं किती ठिकाणी खाली ठेवलं कोण जाणे, वजनदार असणार. पण एवढं खरं की ज्याचा पुतळा दसऱ्याला जाळतात त्याच्या हातचा देव आम्ही पुजतो. रावण गवई होता, स्वतःची शीर काढून तिची तार केली आणि महादेवाला रिझवलं, असंही आबा सांगत आणि मृदंगवाल्याकडे बघून म्हणत, "तुला नुसतं बोट दुखतं तर तू कुरकुरतोस."

हॉस्टेलमध्ये मी किंग डायमंडला या रांगेत बसवून टाकलं होतं. सैतान म्हणजे देवाचा पदभ्रष्ट सेवक, आमच्या जय-विजयासारखा. तेही वैकुंठाचे द्वारपाल, शापाने खाली आले, हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण, शिशुपाल-दंतवक्र असे तीन जन्म वैर करून परत गेले. तेव्हा सैतानाचं गाणं म्हणजे लांबच्या वाटेने देवाचंच. वीस वर्षांच्या, नुकतीच माळ तुटलेल्या पोराला हे फार सोयीचं होतं.

आज मला ही मांडणी पटत नाही, आणि न पटण्याची दोन कारणं आहेत.

एक तर किंग डायमंड विरोधभक्त नव्हताच. त्याला जवळचा वाटला तो अँटन लावे या अमेरिकनाचा 1969 च्या 'सेटॅनिक बायबल'मधला विचार, आणि त्यात सैतान नावाचा कुणी खराखुरा बसलेला नाही. ते माणसाच्या स्वतःच्या वासना-विकारांना दिलेलं नाव आहे. शिशुपालाला कृष्ण समोर दिसत होता म्हणून तो शिव्या देऊ शकला. इथे शिवी द्यायलाही समोर कुणी नाही. मग चेहऱ्यावर काळापांढरा रंग, रंगमंचावर खरी कवटी (तिचंच नाव मेलिसा), हाडांच्या क्रुसाचा माइक हे काय? हे सोंग आहे. आणि सोंग आम्हाला नवं नाही. एकनाथांच्या भारुडात भूत लागलेली बाई येते, जोशी येतो, वेडी येते. आमच्याकडच्या सोंगी भारुडात साठीचा शेतकरी लुगडं नेसून घुमतो आणि पोरं खरोखर घाबरून आईच्या पदरात शिरतात. त्या शेतकऱ्याचा भुतावर विश्वास आहे का, हे कुणी विचारत नाही. कवटीचं तर बोलूच नये. ज्या गावचा देव गळ्यात रुंडमाळ घालतो आणि अंगाला राख फासतो, आणि जिथे थर्मलमुळे राख माणसांच्याही अंगावर फुकट पडत आली, त्या गावाला कोपनहेगनची एक कवटी काय घाबरवणार?

दुसरं कारण जास्त खोल आहे. विरोधभक्तीचा सिद्धांत नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणूच देत नाही. तू प्रेम केलंस तरी आमचा, द्वेष केलास तरी आमचा. हे ऐकायला उदार वाटतं, पण ही जिंकणाऱ्याची उदारता आहे. थर्मलमध्ये माझा एक सहकारी पक्का नास्तिक होता. 2015 मध्ये खडका बंधारा आटला, पाण्यावाचून संच बंद पडले आणि माणसं वैद्यनाथाला साकडं घालायला निघाली, तेव्हा तो गेला नाही. कुणी त्याला म्हणालं, "तू देवाला इतका नाकारतोस म्हणजे तूच खरा भक्त." तो म्हणाला, "मी जेवत नाही म्हणालो तर उपास धरलाय असं का समजता? भूक नाही, एवढंच." त्या उत्तरापुढे माझ्याजवळ आजही काही नाही. त्याला विरोधभक्त म्हणणं हा त्याचा अपमान होता.

त्याचं तसं होतं. माझं तसं नाही, एवढंच मला तबकडीपाशी बसल्यावर कळलं. मला भूक नव्हती असं कधीच झालं नाही. मटण खाताना दर वेळी मला कंपासपेटी आठवली आहे. गेली चाळीस वर्षं, दर वेळी. बायको माळकरी आहे, तिला तिची माळ आंघोळीची वेळ सोडल्यास आठवतही नाही. विठ्ठलाचं नाव मी तिच्याइतकं घेत नाही, पण माळेचं ध्यान माझं तिच्यापेक्षा अखंड आहे. आबा असते तर म्हणाले असते, बघ, अळीची माशी झाली. आणि मला म्हणावं लागलं असतं की नाही आबा, अळी अजून अळीच आहे, फक्त घरातून बाहेर पडलेली नाही. आठवण राहणं आणि मन लागणं यांत फरक असावा. दाढेत अडकलेला सुपारीचा तुकडाही दिवसभर आठवतो.

त्या बँडचंही पुढे काय झालं ते मला भाच्याकडून आत्ता कळलं. 'शपथ मोडू नकोस' म्हणणारी ही मंडळी पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये फुटली. शेरमनला जास्त खपणारं संगीत करायचं होतं. म्हणजे आम्ही खोलीत डोळे मिटून ती शपथ ऐकत होतो तेव्हा ती घेणारे आधीच एकमेकांना सोडून गेले होते. 1993 ला परत एकत्र येऊन त्यांनी नवा अल्बम काढला. त्यांनी रविवार गाठला म्हणायचं.

मागच्या आषाढी वारीत शेगावची गजानन महाराजांची पालखी नेहमीप्रमाणे गंगाखेडहून परळीत आली. मी दर वर्षी पाणी वाटायला उभा राहतो. पांढऱ्या कपड्यांतल्या रांगांतून एक ऐंशीच्या घरातला वारकरी पाणी प्यायला, ग्लास परत दिला आणि त्याची नजर माझ्या गळ्यावर गेली. गरमीने बटण सुटलेलं होतं. मी उगाचच सांगायला लागलो की माळ होती, दोरा तुटला, औरंगाबादला होतो तेव्हा. त्याने बहुधा नीट ऐकलंही नाही. वाकला, माझ्या पायाला हात लावला, "माऊली" म्हणाला आणि रांगेत गेला. वारीत सगळेच सगळ्यांच्या पाया पडतात, त्यात माझं काही विशेष नव्हतं. पण मी मात्र त्याच्या पाया पडायचं विसरलो. रांग पुढे गेली तेव्हा लक्षात आलं.

तबकडीची दुसरी बाजू संपली. फिएस्टाची सुई आपण होऊन उठत नाही. शेवटच्या रेघेत फिरत राहते आणि दर फेऱ्याला एकदा खट वाजतं. मी ते ऐकत बसलो असावा, कारण आतून आवाज आला, "अहो, संपलं ना ते?"

"संपलं."

"मग उचला की. केव्हाचं खट खट चाललंय. आणि पंखा मोठा करा, घामाने भिजलाय तुम्ही."

सुई उचलली. पंखा मोठा केला. तरी गळ्यापाशी काहीतरी आवळत होतं म्हणून हात लावला, तर शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं.